बिनखिशाचा कोतवाल

आमच्या पेंडघाटात कोणी नवा माणूस आला का लोक आधी त्याच्या हाताकडे पाहतात, मंग तोंडाकडे. हातात काय आहे, काय घेऊन आला, अन् जातानी काय घेऊन जाईन. मी शिलाई मशीन घेऊन या गावात नांदाले आली तेव्हा शेजारीण कितीतरी दिवस माझ्या मशीनच्या पेटीभोवती घिरट्या घालत होती. शेवटी मीच झाकण उघडलं. म्हटलं, पाहून घ्या बाई एकदा, आत नवरा नाई लपवला.

याले कारण आहे. गाव वसलंच तसं. केळझरकडून डोंगर चढून आलं का खिंड लागते अन् खिंडीतच आमचं गाव. आधी इथं गाव नव्हतंच, फक्त चौकी होती. गोंड राजाची असो, भोसल्याची असो का इंग्रजाची असो, चौकीवाल्याचं काम एकच. येणाऱ्याजाणाऱ्याची बैलगाडी उपसाची अन् विचाराचं, तणसाखाली काय दडवलं? चौकीभोवती चार घरं झाली, मंग बाजार भरू लागला, जंगलखात्याचा लाकडाचा डेपो आला, शाळा आली. चौकी मोडून पडली, तिचे दगड लोकायनं गोठ्याले लावले, पण तिची खोड गावाच्या अंगात राह्यली. इथं सख्ख्या भावाच्या डब्यातही माणूस वाकून पाहते.

मी काही वेगळी नाई. उलट माझं नाक जरा जास्तच तिखट आहे. कापड घेऊन बाई आली का कापडावरून मी सांगते, हे घरच्यानं आणलं का दुसऱ्या कोणी. तं अशा गावाचा कोतवाल होता पुनाजी कुमरे. मले सांगाचं आहे ते त्याचंच.

पुनाजी गोंडाचा. खिंडीच्या अंगाले टोला आहे, तिथं त्यायची घरं. माणूस उंच, काटक, मिशी पांढरी, हातात कोतवालाची काठी अन् गळ्यात डफडं. घरी ते लोक त्यायची गोंडी बोलत, आमच्याशी आमची बोली. गावात दवंडी देणं, जमादाराचा निरोप पोचवणं, सरकारी माणूस आला तं त्याचं बोचकं वाहणं, हे त्याचं काम. पण खरं काम दुसरंच होतं. गावात कोणाची कोंबडी हरवली, लोटा हरवला, का पहिले टोल्यावरच्या घरायची झडती. अन् झडतीले पुढं कोणाले धाडाचं, तं पुनाजीले. आपल्याच चुलत्याच्या मडक्यात त्यानं हात घालाचा, अन् मागं उभे राहून आमच्यासारख्यायनं पाहाचं.

पहिल्यांदा तो माझ्याकडे सदरा शिवाले आला तेव्हा म्हणाला, "बाई, खिसा लावजो नको."

"काऊन? साधू होतो का पुनाजीबाबा?"

"खिसा असला का लोक पुसतात, आत काय आहे. खिसाच नाई तं काय पुसतीन?"

मी हसली. तो नाई हसला. तेव्हापासून त्याचे सगळे सदरे मी बिनखिशाचेच शिवले.

त्याची एक गोष्ट मात्र मले खटकत होती. खिंडीच्या तोंडाशी ऐनाचं एक जुनं झाड होतं, खोड असं जाड का तिघं मिळून कवटाळतीन, अन् माणसाच्या डोक्यावर त्याले ढोली. त्या झाडापाशून जातानी पुनाजी कोणाचं लक्ष नाई असं पाहून एक हिरवी डहाळी तोडे अन् बुडाशी ठेवे. टोल्यावरच्या बायका तं त्या अंगानं जातच नसत, पदर ओढून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जात. मले वाटे, इथं पाणी मुरते. काहीतरी दडवलं आहे या झाडात. एकदा विचारलंही. म्हणाला, "झाड आहे, बाई." एवढंच.

आता वासुदेवराव. हे आमच्या जुन्या मालगुजाराचे, म्हणजे गावाच्या जमीनदाराचे, नातू. सरकारनं मालगुजारी काढून घेतली तेव्हापासून त्यायले एकच धास्ती होती, का गाव आपल्याले विसरते. सरपंच झाले, तरी धास्ती जाईना. मंग त्यायनं काढलं, का खिंडीतल्या त्या ऐनाच्या झाडाच्या जागी चौथरा बांधाचा, वर शिळा उभारायची, अन् शिळेवर गावाचा इतिहास कोराचा. इतिहास काय, तं हे गाव वासुदेवरावाच्या आजानं वसवलं. घाट चढून थकलेल्या बैलायले त्यायनं इथं पेंड चारली, म्हणून गावाचं नाव पेंडघाट. मले तेव्हाच वास आला होता. ज्या माणसानं मजुराले ताक नाई पाजलं तो परक्याच्या बैलाले पेंड चारीन?

पुनाजीनं त्याची दवंडी दिली. आजाचं नाव आलं का डफडं असं बडवे, का नाव कोणाले ऐकूच येईना. बाजारात लोक हसू दाबून उभे. वासुदेवरावाले कळलं, पण डफड्याले काय म्हणतीन?

पंचावन सालची सव्वीस जानेवारी. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. शाळेत झेंडा झाला, मंग सगळे खिंडीत गेले. वासुदेवरावाच्या अंगात काळा लोकरी कोट होता, आतल्या खिशात सासऱ्यानं नागपूरहून पाठवलेलं फौंटनपेन. पहिली कुदळ मारायची म्हणून त्यायनं कोट काढला अन् ऐनाच्याच एका खुंटावर टांगला. कुदळ मारली, टाळ्या झाल्या, अन् सगळे शाळेत बुंदी खाले गेले. कोट तिथंच राह्यला. अवजारं राखाले म्हणून पुनाजीले ठेवलं होतं. बुंदी संपताना तो आला, कोट मालकाच्या हाती दिला. त्याच्या कोपराले खरचटलं होतं अन् हाताले माती होती. सगळ्यायनं पाह्यलं. आमच्या गावात हात पहिले पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वासुदेवरावाच्या घरी होती. त्यायची बायको देवकाबाई, तिच्या चोळीचं माप घ्याचं होतं. ओसरीवर वासुदेवराव येरझारा घालून राह्यले होते. कोटाचे खिसे उलटे करून झाले होते. पुनाजीले बोलावणं गेलं, तो आला अन् अंगणात उभा राह्यला.

"काल झाडापाशी तूच होता ना?"

"व्हय, मालक."

"मंग पेन कुठं गेलं?"

पुनाजीचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं माझ्याकडे पाह्यलं, देवकाबाईकडे पाह्यलं अन् आवाज खाली केला. "मालक, बायका आहेत इथं."

"असू दे. झाडावरचं पेन कुठं गेलं, ते बोल."

"मी हलवलं, मालक."

"तू?"

"तिथं राहू देणं बरं नव्हतं. तुम्ही तिथं खोदून राह्यले. मी दुसरीकडं नेऊन ठेवलं. सुखरूप आहे."

"मंग आण इथं."

"आणता येत नाई."

"माझं पेन, अन् आणता येत नाई?"

पुनाजीनं काठी अंगणात टेकवली. मंग म्हणाला, "ते तुमचं नाई, मालक. आमचं आहे. तुमच्या आजाच्या आधीपासून आहे."

देवकाबाईच्या हातातलं कापड खाली पडलं. मीही माप विसरली. चोरी करणारे पुष्कळ पाह्यले होते, पण मालकाच्या दारात उभं राहून असं बोलणारा नव्हता पाह्यला.

आता तुमाले सांगून टाकते, नाईतर तुम्हीही त्याले चोर समजान. गोंडी बोलीत पेन म्हणजे देव. त्यायच्या कुळाचा मोठा देव त्या ऐनाच्या ढोलीत होता, अन् तो सांभाळाचं काम पुनाजीच्या घराकडे, बापापासून मुलाकडे आलेलं. तो परक्यानं पाहाचा नाई, बाईनं पाहाचा नाई, मातीवर ठेवाचा नाई. आम्ही लिहाच्या वस्तूले टाक म्हणत होतो, शाळेतले मास्तर झरणी म्हणत. पेन हा शब्द वासुदेवरावानं सासऱ्याची भेट आल्यावर नवा नवा धरला होता. पुनाजीनं तो शब्द टोल्याबाहेरच्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. त्याले वाटलं, मालकाले सगळं कळलं. कळलंच आहे तं खोटं काऊन बोला? म्हणून बिचाऱ्यानं खरं सांगतलं. हे सगळं मले मागाहून त्याच्या पोरानं, श्रावणनं सांगतलं. तेव्हा आम्हा कोणालेच काही माहीत नव्हतं.

झालं. गावाले खाद्य मिळालं. वासुदेवराव ओसरीवर बसून म्हणत, "सरकारनं मालगुजारी घेतली, आता कोतवालानं पेन घेतलं, अन् वरून म्हणते आमचं. याले कोणीतरी शिकवून राह्यलं." शिकवणारा कोण, तं बंडूजी हॉटेलवाला, कारण तो गिऱ्हाइकायले पेपर वाचून दाखवे. बंडूजीनं तेव्हापासून पेपर मांडीखाली ठेवून वाचणं सुरू केलं. ज्याच्या घरची जी वस्तू कधी हरवली होती ती पुनाजीच्या नावावर चढली. माझ्या शेजारणीले तिची सासू जिवंत असतानी हरवलेली पळी आठवली.

मले मात्र पुनाजीवर संशय येईना. चोर माणूस खिसा ठेवते. ज्याले लपवाचं आहे तो बिनखिशाचा सदरा काऊन घालीन? माझा संशय देवकाबाईच्या भावावर होता. सव्वीस तारखेले जेवून तो तडक गावाले निघून गेलता, अन् त्याचे डोळे मले पहिल्यापासून पसंत नव्हते. मी देवकाबाईले तसं बोलून दाखवलं. तिनं चोळी दुसरीकडे शिवाले टाकली.

गावात आता पोलीसचौकी होती, तिथं जमादार होता. त्यानं टोल्याची झडती घेतली. यावेळी पुढं पुनाजी नव्हता, तो चौकीच्या ओट्यावर बसवलेला. त्याची बायको रुखमा, तिच्या ज्वारीची मडकी अंगणात उपडी केली. मी गेली, तिच्यासोबत दाणे वेचाले बसली. म्हटलं, "रुखमाबाई, तुह्या नवऱ्यानं कबूल केलं, मंग देऊन काऊन नाई टाकत ते पेन?"

तिनं चटकन आपल्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तोंडावर ठेवता आला असता तं तोही ठेवला असता. "ते नाव बाईमाणसानं घ्याचं नसते," म्हणाली, अन् उठून आत गेली.

मी सुपात दाणे धरून बसूनच राह्यली. हे कसलं पेन, का ज्याचं नाव बाईनं घेतलं तं विटाळते? दाळीत काही काळं आहे हे समजलं, पण काय, ते हाती येईना.

जमादारानं पुनाजीपुढं साधी गोष्ट ठेवली. पेन आण अन् सुटून जा. नाईतर जेल.

"जेलात टाका," पुनाजी म्हणाला. "पेन नाई देता येत."

अन् तो खरंच जेलात गेला असता. पण जमादार जुना माणूस होता. त्याले कुठं दाबाचं ते माहीत होतं. श्रावण नुकताच जंगलखात्यात नाकेदार लागला होता. टोल्यावरचा सरकारी नोकरीत गेलेला पहिला पोरगा. जमादार म्हणाला, "मंग तुह्या पोराले सोबत घेतो. बाप चोर, पोरगा साथीदार. नोकरी राहते का पाहू."

पुनाजी उठला. म्हणाला, "चला."

वर गेले ते जमादार, वासुदेवराव, अन् पंच म्हणून बंडूजी. मी नव्हती, मी सांगते ते बंडूजीच्या तोंडचं. खिंडीच्या वर दाट झाडीत दगडायची एक रास होती. पुनाजीनं झऱ्यावर हातपाय धुतले. म्हणाला, "पायतान काढा." कोणी काढलं नाई. त्यानं एकेक दगड बाजूले केला. खाली नवं मडकं, तोंडाले फडकं बांधलेलं. तो त्याच्यापुढं हात जोडून काहीतरी पुटपुटून राह्यला होता, तेवढ्यात जमादारानं काठी मारून मडकं फोडलं.

आतून निघालं एक लोखंडाचं भाल्याचं पातं, काळं पडलेलं. काही घुंगरं. पांढऱ्या केसायचा एक झुपका. जमादारानं बुटानं खापरं इकडंतिकडं केली. "पेन कुठं आहे?"

"हेच," पुनाजी म्हणाला.

"हे?"

"हेच आमचं पेन. देव आहे आमचा."

बंडूजी सांगे, का जमादारानं पातं बुटानं उलटून पाह्यलं. मंग जमादार हसला. मंग वासुदेवराव हसले, पण जरा उशिरानं. मी बंडूजीले विचारलं, "अन् तू?" म्हणाला, "सगळे हसले, बाई." त्यानं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. मी तो तसाच टाकून उठून आली. त्या हॉटेलचा चहा मंग मले कधी गोड लागला नाई.

तुमाले वाटीन, आता तरी संशय फिटला असन. पण आमचं गाव आहे हे. वासुदेवराव म्हणाले, "वाह रे पठ्ठ्या. देवाचं नाव पुढं करून पेन पचवलं." लोकायले ते पटलं. पटण्यासारखंच होतं, पेन तं सापडलं नव्हतंच. जेल टळला, श्रावणची नोकरी वाचली, पण कोतवालीची काठी अन् डफडं पुनाजीकडून काढून घेतलं. मंग दुसऱ्या गावचे कुमरे आले, त्यायच्या कुळातले वडीलधारे. टोल्यावर बैठक बसली. परक्याच्या नजरेले देव पडला, मातीले लागला, बुटाखाली आला. ते म्हणाले, आता तो इथं राहात नाई, अन् पुनाजीच्या घरातही नाई. त्यायनं पातं, घुंगरं, झुपका नव्या फडक्यात बांधला अन् घेऊन गेले. कुठं नेलं ते पुनाजीले सांगतलं नाई. ज्याच्या हातून एकदा दिसला त्याले ठिकाण सांगत नसतात.

ऐनाचं झाड पडलं. चौथरा झाला, शिळा उभी राह्यली. पेंडघाट, पेंड चारली म्हणून पेंडघाट. आता मले पक्कं वाटते, का पेंड नाई, पेनघाट असन ते, देवाचा घाट. बोलून बोलून पेंड झाली. पण दगडाशी कोण भांडते?

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. देवकाबाईचा राग उतरला अन् दिवाळीच्या आधी तिनं मालकाचा काळा कोट माझ्याकडे धाडला. संदुकीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता, अस्तराले कसर लागली म्हणे, अस्तर बदलून दे. मी कोट मशीनवर पसरला अन् काठ चाचपू लागली. खालच्या कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं, बोटाएवढं लांब. वर पाह्यलं तं आतल्या खिशाची शिवण बुडाशी उसवलेली.

मी रागानं कात्री मशीनवर आपटली.  खिसे तेवढे उलटे केले होते, काठाले कोणी हात लावला नव्हता. चोर समोर उभा दिसला का कोट कोण चाचपते?

मी कोटाले कात्री लावली नाई. कोट उचलला, कात्री उचलली अन् तशीच वासुदेवरावाच्या ओसरीवर गेली. बाजाराचा दिवस होता, चार माणसं बसली होती, जमादारही होता. म्हटलं, "मालक, कोटाच्या काठाले हात लावून सांगा, आत काय आहे." त्यायनं चाचपलं. पाहता पाहता त्यायचं तोंड उतरलं. सगळ्यायच्या समोर मी अस्तर कापलं अन् पेन ओसरीवर पडलं. सोनेरी टोपीचं, चकचकीत. कोणी उचललं नाई.

"आता हसा ना," मी म्हणाली. जमादार जोडे शोधू लागला.

वासुदेवराव वाईट माणूस नव्हते, भेलेला माणूस होते. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः टोल्यावर गेले. साक्षीले कोणीतरी पाह्यजे म्हणून मी मागंमागं गेली, कारण माझा अजूनही भरवसा नव्हता. पुनाजी अंगणात बसून टोपली विणून राह्यला होता. मालकाले पाहून उठला.

"पुनाजी, पेन सापडलं," वासुदेवराव म्हणाले. "कोटातच होतं. आमची चूक झाली. कोतवाली पुन्हा घे."

पुनाजीनं त्यायच्याकडे पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं.

"तुमचं भेटलं, मालक. चांगलं झालं," तो म्हणाला. "आमचं कुठं आहे ते आता मलेही माहीत नाई."

 मले रडू आवरेना, अन् मी ते आवरलंही नाई. पुनाजी खाली बसला अन् पुन्हा टोपली विणू लागला.  कोतवाली मात्र घेतली नाई.

थंडी सरता सरता तो माझ्याकडे आला. काखेत मांजरपाटाचा तुकडा. खिंडीतून येताना मी त्याले लांबून पाह्यलं होतं. शिळेपाशून आला तेव्हा त्यानं डहाळी तोडली नाई, थांबलाही नाई.

"सदरा शिवाचा आहे, बाई."

"शिवते, पुनाजीबाबा. माप माहीत आहे मले. बिनखिशाचा."

"नाई," तो म्हणाला. "आता खिसा लाव."

"आता काऊन?"

"पाहू दे ज्याले पाहाचं ते. दडवाले काही राह्यलं नाई."

मी खिसा लावला. चांगला मोठा, दुहेरी शिवणीचा, काठानं काही गळून जाऊ नये असा. त्यानंतर कितीतरी वर्षं तो त्या सदऱ्यात बाजारात दिसे. आमचे लोक सवयीनं त्याच्या खिशाकडे पाहत. त्यात कधी काही नव्हतं.